सात ते नऊ, गच्चीवरच्या गाडीत

निशिकांत पेंढारकरने चाचणी घेतल्याशिवाय आयुष्यात एकही वस्तू घरात आणली नव्हती, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला स्वतःच सांगत असे. मिक्सर घेताना त्याने दुकानातच उडदाची डाळ वाटायला लावली होती. डाळ रात्रभर भिजवून घरून नेली होती. गादी घेताना तो दुकानातल्या गादीवर पंचवीस मिनिटं झोपला, त्यातली वीस खरोखरची. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत त्याचं कामच ते होतं. नवा व्हॉल्व्ह आला की आधी तपासायचा, मग सही करायची.

त्यामुळे २०१३ च्या जुलैत प्रश्न आला तेव्हा तो डगमगला नाही. प्रश्न असा होता: गाडीतल्या सॅटेलाइट रेडिओसाठी पैसे भरायचे की नाहीत?

गाडी जुनी घेतलेली होती. रंग चांदीचा, वय सहा वर्षं. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचं आयुष्य लिहून मिळतं, म्हणजे तिची चार उरली होती. आधीच्या मालकाने टपावर इडलीएवढी काळी चकती आणि डॅशबोर्डवर एक डबा बसवून घेतला होता. डब्याच्या कंपनीचा माणूस फोनवर गोड बोलला. नव्या मालकाला तीस दिवस फुकट. एकतिसाव्या दिवसापासून दोन वर्षांची वर्गणी, सगळी आगाऊ, परत मिळणार नाही.

"तीस दिवस पुष्कळ झाले," निशिकांत बायकोला म्हणाला. "तीस दिवसांत त्याचं खरं-खोटं बाहेर काढतो. माझ्या चाचणीपुढे आजवर काही लपलेलं नाही."

"अरे पण आपण गाडी चालवतो कधी?" सुचित्राने विचारलं. "तू कंपनीच्या बसने जातोस. मी एलआरटीच्या ट्रेनने जाते. जाईची शाळा समोर आहे. आठवड्यातून एकदा गाडी टेक्का मार्केटला जाते आणि मेथी घेऊन येते. मेथीला रेडिओ लागतो का?"

"मुद्दा वापराचा नाही, क्षमतेचा आहे."

अकरा वर्षांच्या जाईने पुस्तकातून मान वर केली. "बाबा, फोनवर गॉट व्हॉट. सगळं असतं."

"फोनवर येतं ते इंटरनेट, बाळा. हे थेट उपग्रहावरून येतं. छत्तीस हजार किलोमीटरवरून."

"सो फार फॉर व्हॉट?" जाई म्हणाली आणि परत पुस्तकात गेली. हा प्रश्न त्या महिन्यात घरात विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न होता. तो कोणी ऐकला नाही.

चाचणी सोमवारी सुरू झाली. संध्याकाळी सात ते नऊ मराठी कार्यक्रम असत. आधी भावगीतं, मग पाककृती, आणि पावणेआठला वीस मिनिटांची रहस्य-श्रुतिका. पाचगणीच्या बंगल्यात अप्पासाहेब नावाचे श्रीमंत गृहस्थ केशरी दूध पिऊन मरतात. संशयित पाच: दुसरी बायको, पुतण्या, आचारी, माळी आणि घरचे डॉक्टर. निवेदिकेने पहिल्याच दिवशी सांगितलं की श्रुतिकेचे भाग एकतीस आहेत. व्हॉल्व्हवरचे बारीक आकडे भिंगाशिवाय वाचणाऱ्या निशिकांतने हा आकडा ऐकला आणि सोडून दिला.

गाडीतल्या रेडिओची चाचणी धावत्या गाडीत घ्यायची, हे तत्त्व होतं. अडचण अशी की रोज दोन तास गाडी पळवायला हा देश पुरत नाही. पहिल्या दिवशी तो बुकित पंजांगहून पूर्वेला निघाला आणि पावणेआठ वाजून गेल्यावर केपीई महामार्गाच्या बोगद्यात शिरला. बोगदा नऊ किलोमीटरचा. इन्स्पेक्टर म्हणाले, "खुनी याच खोलीत आहे, आणि त्याच्या हातात..." पुढे नऊ किलोमीटर खरखर. बाहेर पडेपर्यंत खोली रिकामी झाली होती आणि सतार वाजत होती. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा रस्ता धरला. तिथेही इन्स्पेक्टर ऐन वेळी जमिनीखाली गेले.

तिसऱ्या दिवशी त्याने नकाशा पाहून मोकळ्या आभाळाचा रस्ता शोधला. बीकेई, सरळ उत्तरेला. आचाऱ्याची उलटतपासणी रंगली होती. आचारी घाबरला होता, निशिकांतही घाबरला होता. उलटतपासणी संपली तेव्हा त्याच्या पुढे चाळीस गाड्या होत्या, मागे साठ होत्या, आणि डोक्यावर वुडलँड्स चेकपॉइंटची पाटी होती. पलीकडे मलेशिया. बाहेर पडायची शेवटची वाट आचाऱ्याच्या हुंदक्यांत मागे राहिली होती. पासपोर्ट घरी, कपाटात, सुचित्राच्या पैठणीखाली.

"आपण मलेशियाला का चालला आहात?" खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"मी चाललेलो नाही," निशिकांत म्हणाला. "मी रेडिओ ऐकतोय."

हे उत्तर फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसेना. गाडी वळवून मिळेपर्यंत दीड तास गेला.

त्याच वेळी बिशानला मराठी मंडळाची बैठक चालू होती, आणि तिथे सुचित्राच्या आयुष्यातली मोठी गोष्ट घडत होती. मंडळाच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा दरवर्षी एका जोडप्याच्या हातून होते. यादी असते, नंबर लागतो. सुचित्रा नऊ वर्षं थांबली होती. आईने पाठवलेली पैठणी नऊ वर्षं घडीत होती. दर दिवाळीला ती बाहेर काढून, घडी बदलून परत ठेवत असे. त्या संध्याकाळी अध्यक्ष पद्माकर काकांनी जाहीर केलं, "यंदाच्या पूजेला सौ. आणि श्री. पेंढारकर." टाळ्या पडल्या. सुचित्रा उभी राहिली.

"आणि निशिकांत कुठंय?" काकांनी विचारलं.

"सरहद्दीवर," त्याचा मेसेज वाचत सुचित्रा म्हणाली.

घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं, "यापुढे त्या रेडिओसाठी गाडी हलवायची नाही. ऐकायचं तर जागेवर बसून ऐक."

निशिकांतला हे पटलं. स्थिर स्थितीतली चाचणी हाही शास्त्रीय प्रकार असतो. फक्त उपग्रहाला आभाळ लागतं, आणि इमारतीशेजारच्या कार पार्कमध्ये आभाळ फक्त सगळ्यात वरच्या, पाचव्या मजल्यावर होतं. त्याने गाडी तिथे नेऊन लावली. तेव्हापासून तो रोज सव्वासहाला बसमधून उतरे, अंघोळ करून हाफ पँट चढवी आणि सातच्या ठोक्याला वर गाडीत जाऊन बसे. जेवायची वेळ त्यातच येई, म्हणून जाई डबा नेऊन देऊ लागली.

माणूस जिथे दोन तास बसतो तिथे संसार मांडतो. पहिल्या आठवड्यात गाडीत उशी आली. मग पाण्याची बाटली, डासांसाठी मलम, मग मिररवर वाळत घातलेला पंचा. दुसऱ्या आठवड्यात तो गाडीत शिरताना चपला दाराबाहेर काढून ठेवू लागला. हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मिसेस टॅनच्या मात्र आलं.

मिसेस टॅन त्याच इमारतीत राहत. वय अडुसष्ट. रोज संध्याकाळी त्या कार पार्कच्या गच्चीवर टाळ्या वाजवत भराभर वीस फेऱ्या मारत. टाळ्यांनी रक्त खेळतं असा त्यांचा विश्वास होता. प्रत्येक फेरीला त्यांना तो गाडीतला माणूस दिसे. एकटा, हाफ पँटमध्ये, मांडीवर डबा, डोळ्यांत पाणी. पाणी माळ्याच्या कहाणीमुळे होतं. माळ्याची मुलगी आजारी होती.

बाराव्या दिवशी त्यांनी काचेवर टकटक केलं. इन्स्पेक्टर नेमके दुधाच्या पेल्याला हात घालत होते.

"वाइफ अँग्री, आह?" मिसेस टॅननी विचारलं.

ही बाई जावी म्हणून निशिकांतने मान हलवली.

"चेस यू आउट?"

त्याने पुन्हा मान हलवली. पेल्याच्या तळाशी काहीतरी चिकटलेलं होतं.

"लाँग ऑलरेडी?"

त्याने न बघता दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली आणि मग आणखी दोन. चाचणीचा हिशोब त्याच्या बोटांवरच असे. मिसेस टॅनच्या तोंडून "अय्यो" निघालं. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याच्यासाठी थर्मासमधून गरम सूप आणू लागल्या. सूप कशाचं हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन संवाद बुडाले असते.

आता, त्या इमारतीत आणखी एक मराठी माणूस राहत होता. मंडळाचा चिटणीस संजीव. लिफ्टमध्ये मिसेस टॅननी त्याला गाठलं आणि त्याच्या समाजाने एका चांगल्या माणसाला वाऱ्यावर सोडल्याबद्दल अकरा मजले उतरेपर्यंत झापलं. संजीवने खात्री करायला त्याच संध्याकाळी गच्चीवर डोकावून पाहिलं. दाराबाहेर चपला. मिररवर पंचा. जाई डबा देऊन मुकाट्याने परत चाललेली. त्याला पुढे बघवलं नाही. त्याने पद्माकर काकांना फोन केला.

काका जुन्या वळणाचे. त्यांनी दोन आठवडे योग्य शब्द शोधण्यात घालवले आणि मग सुचित्राला फोन लावला.

"सुचित्रा, बाळा, एक विचारू? निशिकांत आहे का घरी?"

"नाही काका. तो वर गाडीत आहे."

"रोज तिथेच?"

"रोज. महिना होत आला."

"आणि त्याच्या जेवणाचं?"

"डबा पाठवते ना. जाई नेऊन देते."

"तू नाही जात?"

"मी कशाला जाऊ? खरं सांगू का काका, तो वर गेल्यापासून घर इतकं शांत झालंय. आधीच जायला हवं होतं त्याने."

"मग आता पुढे काय... म्हणजे, काही ठरलंय?"

"उद्यापर्यंत सगळं फुकट आहे. पुढे पैसे भरायचे की सोडून द्यायचं, ते तो उद्या ठरवणार. एकदा भरले की दोन वर्षं बघायला नको."

काकांच्या डोळ्यांपुढे वकील उभा राहिला. दोन वर्षं चालणारा खटला. त्यांनी फोन ठेवला आणि समितीतल्या सगळ्यांना एकेक करून लावला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे चाचणीच्या तिसाव्या दिवशी, संध्याकाळी सातला त्यांनी सुचित्राला पुन्हा फोन केला.

"आमचं असं ठरलंय बेटा, की यंदा पूजेचा मान कुशल आणि ऋचाला द्यावा. तुमच्यावर ताण नको. पुढच्या वर्षी तुमचं मार्गी लागलं की बघू."

"काय मार्गी लागलं की?"

"तुमचा... संसार."

सुचित्राने त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. संजीव, लिफ्ट, मिसेस टॅन, चपला, पंचा. मग ती कार पार्कचे पाच जिने चढून गच्चीवर गेली. चाचणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

पावणेआठ झाले होते. तिने गाडीचं दार उघडलं. निशिकांतने तिला तळवा दाखवला. लग्नाच्या तेरा वर्षांत त्याने बायकोला तळवा दाखवला नव्हता.

"तू त्या बाईला काय सांगितलंस?" ती शेजारच्या सीटवर बसत म्हणाली.

"कुठल्या बाईला?"

"मी तुला घराबाहेर काढलं म्हणून."

"मी एक शब्द बोललो नाही. मी फक्त मान हलवली."

"मान कशाला हलवलीस?"

"ती जावी म्हणून. सुचित्रा, पाच मिनिटं. डॉक्टरांच्या बॅगेत चावी सापडलीय."

"माझी पूजा गेली, निशिकांत! तुझ्या मानेपायी नऊ वर्षांची माझी पूजा गेली."

हे ती बोट नाचवत बोलत असतानाच लिफ्टचं दार उघडलं आणि पद्माकर काका, संजीव आणि सूप घेऊन मिसेस टॅन बाहेर आले. पुरुषाची बाजूही ऐकून घ्यावी, असं समितीने ठरवलं होतं. समितीने जे पाहिलं त्याने समितीची उरलीसुरली शंका फिटली.

"बघा," संजीव हळूच म्हणाला.

काका मागचं दार उघडून आत बसले. संजीव बसला. मिसेस टॅनही बसल्या, कारण सूप निवत होतं.

"निशिकांत," काकांनी घसा साफ केला, "घर म्हटलं की भांड्याला भांडं..."

"काका, प्लीज," निशिकांत म्हणाला. "दुसरी बायको बोलतेय."

काका दचकले. मग त्यांना रेडिओ ऐकू आला. दुसरी बायको रडत सांगत होती की त्या रात्री दूध तिने नेलंच नव्हतं. मग कोणी नेलं? आचारी तर गावाला गेला होता. काकांचं वाक्य भांड्यावरच राहिलं. पुढची चौदा मिनिटं गाडीत कोणी हललं नाही. मिसेस टॅनना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण किंकाळी कुठल्याही भाषेत कळते. त्यांनी सुचित्राचा खांदा घट्ट धरला. सतार वाजली. निवेदिका म्हणाली, "उद्या ऐका, अखेरचा भाग."

"दुसरी बायकोच," काका म्हणाले. "रडणं खोटं होतं."

"छे हो काका, माळी. मागच्या दाराची चावी माळ्याकडे," संजीव म्हणाला आणि मिसेस टॅनना दोन वाक्यांत गोष्ट सांगितली.

"नेफ्यू," मिसेस टॅन ठामपणे म्हणाल्या. "ऑल्वेज नेफ्यू."

मग खुलासा झाला. निशिकांतने मानेचा, बोटांचा आणि चपलांचा उलगडा केला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण समिती अशी लगेच शब्द फिरवत नसते.

"असं करू," ते म्हणाले. "उद्या पावणेआठला आम्ही पाहणीला येतो. तुम्ही दोघं इथे शेजारी शेजारी, नीट बसलेले दिसलात तर मान तुमचाच."

"उद्या हा चालू नसेल काका," निशिकांत म्हणाला. "फुकटची मुदत आज संपते."

"मग पाहणी कशाची करायची?" काकांचा आवाज पडला.

त्या रात्री निशिकांतने जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. तीस दिवस, चौदा निकष. आवाजाची स्पष्टता, दहापैकी नऊ. बोगद्यातली कामगिरी, शून्य. उपयुक्तता, दोन. "निष्कर्ष नको असाच येतो," तो कष्टाने म्हणाला. खुनी कोण हा निकष तक्त्यात नव्हता, आणि तो तत्त्वाचा माणूस होता.

"भर पैसे," सुचित्रा म्हणाली.

निशिकांतने चष्मा काढला. "तू म्हणतेस? तू?"

"भर म्हटलं ना."

पूजेसाठी बिचारी एवढं करायला तयार झाली, असं वाटून त्याला भरून आलं. पहाटे बस यायच्या आधी तिने स्वतः आपल्या कार्डाचा नंबर टाकला. दोन वर्षं, आगाऊ, परत मिळणार नाही.

एकतिसाव्या दिवशी समिती साडेसातलाच आली. काका काकूंना घेऊन आले होते, संजीवने घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, मिसेस टॅननी सगळ्यांना पुरेल एवढं सूप. काकूंच्या चिवड्यासाठी गाडीतला दिवा लावला, दारं चारही उघडी. निशिकांत आणि सुचित्रा पुढच्या सीटांवर लग्नातल्यासारखे ताठ बसले होते. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघून मान डोलावली. ती पाहणी. मग सगळे रेडिओकडे वळले.

इन्स्पेक्टरांनी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. एकेकाला निर्दोष ठरवायला सुरुवात केली. आचारी सुटला. पुतण्या सुटला, मिसेस टॅनना सांगितल्यावर त्यांना ते पटलं नाही. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी इन्स्पेक्टर म्हणाले, "अप्पासाहेबांच्या दुधात विष कालवणारा तो हात..."

डॅशबोर्डवरच्या डब्यातून टक्क आवाज झाला. रेडिओ गेला, दिवा गेला.

निशिकांतने किल्ली फिरवली. गाडी खोकलीसुद्धा नाही. महिनाभर रोज दोन तास इंजिन बंद ठेवून रेडिओ, त्यात वरची जागा जाऊ नये म्हणून गेल्या दोन रविवारी टेक्काची फेरीही रद्द. चौदा निकषांत बॅटरी नव्हती.

"ढकलायची का?" संजीवने विचारलं.

"ऑटोमॅटिक आहे."

"मग आता?" काका खुर्चीवरून उठले होते. आवाज जवळजवळ रडवेला. "तो हात कोणाचा?"

मिसेस टॅननी टपावरच्या चकतीला दोन टाळ्या मारून पाहिल्या, रक्त खेळेल म्हणून. काही झालं नाही. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि जाई डबा घेऊन आली. गळ्यात इअरफोन, हातात फोन.

"इट्स द डॉक्टर लाह," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"चमच्यावर औषधाचा वास होता ना? एपिसोड नाइन्टीनमध्येच गॉट क्लू."

"तुला कसं कळलं?" निशिकांतने विचारलं.

"आई आणि मी रोज ऐकतो व्हॉट. फोनवर. सेम टाइम, फ्री. शिवाय एअर-कॉन सम मोअर." तिने डबा बापाच्या हातात दिला. "फर्स्ट डेला सांगितलं होतं तुला."

मिसेस टॅननी थर्मासचं झाकण लावलं. मग काकूंनी चिवड्याचा डबा बंद केला.

"नवरा वर ऐकतोय, बायको खाली ऐकतेय, आणि गोष्ट एकच," त्या काकांना म्हणाल्या. "आपल्या घरात वेगळं काय आहे? मान त्यांचाच राहू दे."

काका डॉक्टरांच्या धक्क्यातून सावरत होते. त्यांनी हात हलवून मंजुरी दिली.

खाली उतरताना लिफ्टमध्ये निशिकांतच्या मनात दोन मजले एकच प्रश्न फिरत होता. तिसऱ्यावर तो म्हणाला, "तुला माहीत होतं फोनवर फुकट आहे. मग दोन वर्षांचे पैसे का भरलेस? पूजेसाठी एक दिवस ऐकून सोडून दिलं असतं."

"एक दिवसाचं कुठे देतात?" सुचित्रा म्हणाली.

"तरी पण."

तिने लिफ्टच्या आरशात बघून केस नीट केले. "सात ते नऊ," ती म्हणाली, "घर इतकं छान असतं रे."

गणपतीची पूजा सप्टेंबरात यथासांग झाली. पैठणी सर्वांना आवडली, आणि गुरुजींनी मान हलवायला सांगितलं तेव्हाच निशिकांतने ती हलवली. दुसऱ्या दिवशी सात वाजायला पाच मिनिटं असताना टेबलावर त्याचा डबा भरून तयार होता. नव्या बॅटरीची पावती खिशात घालून त्याने तो मुकाट्याने उचलला. जाता जाता त्याने जुना तक्ता काढून उपयुक्ततेपुढचे दोन गुण खोडले आणि दहा लिहिले. रेडिओची चाचणी त्याने चोख घेतली होती. रेडिओ कोणासाठी घेतोय, तेवढं तपासायचं राहिलं होतं.